शाळेची 'ग्रीन' बिल्डिंग बांधायची आणि मग रोज चालवायची कशी: आमच्या चुकांसकट सगळी पद्धत

सातवीच्या वर्गात पूर्वेच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. खळ लावून, दोन-दोन पानं एकावर एक, कडेला एकही फट नाही. आणि खोलीत भर सकाळी चारही ट्यूब चालू. बिल्डिंगचं उद्घाटन होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि त्या खिडक्या मी स्वतः कागदावर काढल्या होत्या, 'भरपूर नैसर्गिक उजेड' असं बाजूला लिहून. वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "काय करू सर, साडेआठ ते दहा फळाच दिसत नाही हो पोरांना." मी काय बोलणार.

मी सिव्हिल इंजिनियर आहे, आमच्या गावच्या (सोलापूरकडे, तालुक्याचं गाव) शाळेच्या बांधकाम कमिटीवर फुकट काम करतो. दहा वर्गखोल्या, तळमजला अधिक एक, साधारण ४०० पोरं. बिल्डिंग वापरात येऊन आता सहा-सात वर्षं झाली. हल्ली बऱ्याच संस्थांचे लोक विचारायला येतात की आम्हालाही अशी करायचीय, काय काय करायचं. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय. आकडे आमच्या हवामानाचे आहेत, कोकणात किंवा विदर्भात असाल तर आपापले घाला, पद्धत तीच.

पायरी पहिली: प्लॅन काढायच्या आधी जुन्या शाळेत चार दिवस बसा

खरंच बसा, नुसती चक्कर नको. एक साधा थर्मामीटर घेऊन जा, दोनशे-तीनशे रुपयात मिळतो, आणि कुठली खोली दुपारी तापते, कुठल्या खोलीतली पोरं पेंगतात, कुठला नळ सतत गळतो ते लिहून ठेवा. मग तीन जणांशी बोला: शिपाई मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, आणि लाईट बिल भरणारा क्लार्क. संस्थाचालकांशी आणि हेडमास्तरांशी आपण बोलतोच, पण इमारत रोज चालवतात हे तिघं.

आमच्या मावशींनी एकच गोष्ट सांगितली होती, "फरशीला पाण्याचा उतार नीट द्या, बाकी काय बी करा." आम्ही हसून मान डोलावली आणि वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात उतार उलटा पडला. आजही पाऊस झाला की मावशी खराट्याने पाणी दुसऱ्या टोकाला ढकलत नेतात, आणि जाताना माझ्याकडे बघतात.

शाळेचं वेळापत्रकही इथेच समजून घ्या, कारण शाळा म्हणजे ऑफिस नाही. मे महिनाभर बंद, मार्च-एप्रिलला बहुतेक ठिकाणी सकाळची शाळा, सहावी ते आठवीला शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाला किमान २२० दिवस. म्हणजे वर्षातला सगळ्यात वाईट उन्हाळा शाळा बघतच नाही. तुमचा खरा शत्रू मार्च, एप्रिलची सकाळ आणि ऑक्टोबर हीटची दुपार. ही गोष्ट लक्षात आली तर एसीचं निम्मं भूत तिथेच उतरतं.

आणखी एक, दुसऱ्याच्या हवेतली बिल्डिंग उचलून आणू नका. आमच्या कमिटीतल्या एका सदस्यांनी लडाखच्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या कॅम्पसचे व्हिडिओ दाखवले, लेहजवळ फे गावातला, सोनम वांगचुक यांचा. दक्षिणेला काच, जाड मातीच्या भिंती, हिवाळ्यात बाहेर शून्याच्या खाली तरी आत उबदार. कमाल काम आहे, वादच नाही. पण ते म्हणाले आपणही दक्षिणेला अशीच काच लावू. म्हटलं दादा, ती बिल्डिंग ऊन गोळा करायला बांधलीय, आपल्याला ऊन हाकलायचंय.

पायरी दुसरी: दिशा, आणि इथे चुकलात तर पुढचं सगळं ठिगळं

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम धावली पाहिजे, म्हणजे खिडक्या उत्तर आणि दक्षिणेला येतात. हे सगळे सांगतात, पण का ते आकड्यात बघा म्हणजे कमिटीत भांडता येईल. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४९ अंशावर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीस तारखेच्या आसपास ७२ अंशावर, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो डोक्यावरून जरा उत्तरेकडे सरकलेला असतो. (त्या दोन टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. पोरांना दाखवायला झकास, फक्त मेमधे सुट्टी असते आणि ऑगस्टात ढग.)

आता दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा टाका. मार्च-सप्टेंबरच्या दुपारी त्याची सावली सव्वासहा फूट खाली येते, म्हणजे ४ फुटांची खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरला सावली सव्वादोन-अडीच फूटच, म्हणजे खालून थोडं कोवळं ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. दोन फुटांचं काँक्रीट, ना मोटर ना सेन्सर, आणि काम आयुष्यभर करतंय. उत्तरेला दीड फूट पुरतो, मुख्यतः पावसासाठी.

पूर्व-पश्चिमेला मात्र हा छज्जा काही कामाचा नाही. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो, सरळ छज्ज्याखालून आत घुसतो. आमचा प्लॉट एल आकाराचा, म्हणून दोन खोल्या पूर्वेकडे तोंड करून घ्याव्या लागल्या, आणि त्यातलीच एक ती वर्तमानपत्रवाली. शेवटी भिंतीपासून दोन फूट बाहेर विटांची जाळी उभी केली, तेव्हा कुठे कागद निघाले. जाळीमुळे उजेड थोडा कमी झाला, पण उजेड कमी असण्यापेक्षा चकाकी वाईट, कारण चकाकी आली की माणूस खिडकीच बंद करतो आणि लाईट लावतो, झालं तुमचं डेलायटिंग, म्हणजे दिवसाच्या उजेडावर वर्ग चालवणं.

खिडक्यांबद्दल दोन बारक्या गोष्टी. एक, खिडकीचा माथा जितका वर तितका उजेड खोलीत लांब जातो, म्हणून खिडकी रुंद करण्यापेक्षा वर न्या, आणि वरचा झरोका वेगळा उघडता येईल असा ठेवा, गरम हवा तिथूनच जाते. दोन, फळ्याकडे तोंड करून बसल्यावर मुख्य उजेड डाव्या हाताने यावा, बहुतेक पोरं उजव्या हाताने लिहितात, हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्यांनी माफ करा.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. पश्चिमेची भिंत तापते म्हणून तिकडे वर्ग नकोत, तिकडे जिना, स्टोअर, संडास टाका असं सगळीकडे वाचलं होतं आणि आम्ही तसंच केलं. जिना बरोबर, स्टोअर बरोबर. पण आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, म्हणजे शाळा सुरू झाल्या झाल्या जून ते सप्टेंबर मुताऱ्यांवरून येणारा वारा थेट पाचवी-सहावीच्या वर्गात! आणि आम्ही क्रॉस व्हेंटिलेशन (समोरासमोर खिडक्या, वारा आरपार) इतकं मन लावून केलेलं की वास अगदी शेवटच्या खोलीपर्यंत बिनअडथळा पोचायचा. दोन वर्षांनी संडास तोडून पूर्वेच्या कोपऱ्यात सुटे बांधले आणि मधे पत्र्याची वाट केली. तेव्हा पश्चिमेला जिना आणि स्टोअर, संडास मात्र वाऱ्याच्या खालच्या बाजूला. नुसतं सूर्याचं गणित करू नका, वाऱ्याचं पण करा. गावातल्या शेतकऱ्याला विचारा, तो पाखडायला कुठे तोंड करून उभा राहतो ते बरोबर सांगेल.

पायरी तिसरी: छप्पर

वरच्या मजल्यावरच्या वर्गाचा जो काही त्रास आहे तो भिंतीतून कमी आणि डोक्यावरून जास्त येतो. आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी आत ओकते. जुन्या शाळेत मी सात वाजता बाकावर उभा राहून छताला हात लावला होता, चहाच्या कपासारखं गरम. धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे फार लागतं, माझ्या आजीच्या घरात एप्रिलमधे दुपारी चादर घ्यावी लागायची.

छपराचं उदाहरण द्यायचं तर पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोमधल्या गांडो गावची प्राथमिक शाळा बघा, आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी स्वतःच्या गावासाठी बांधलेली, २००१ ची. मातीच्या दाबलेल्या विटा, वर विटांचंच भोकं असलेलं छत, आणि त्याच्या वर बऱ्यापैकी अंतर सोडून लोखंडी सळयांच्या कैचीवर पत्रा. पत्रा तापला तरी मधल्या फटीतून वारा जातो, गरम हवा वर्गातून वर ओढली जाते. गावकऱ्यांनीच बांधली. पुढे तिला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मधे प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार. आपल्याकडे नुसता पत्रा टाकून शाळा भरवतात आणि पावसात मास्तरांचा आवाज ऐकू येत नाही, त्यावरही उपाय तोच, पत्र्याखाली दुसरं छत.

स्लॅबच असेल तर काय करायचं? पैसे असतील तर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाईल्सचे तुकडे बसवलेली फरशी. टाईल्सच्या दुकानातून फुटका माल स्वस्तात मिळतो, फक्त पांढराच घ्या, रंगीत डिझाईनच्या मोहात पडू नका. पैसे नसतील तर चुना. चुनकळी भिजवून, गाळून, थोडं फेविकॉल घालून दोन हात, दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पावसात बराचसा धुऊन जातो, पुढच्या मार्चला परत. आमच्याकडे निम्म्या गच्चीवर मोझॅक आहे, निम्म्यावर चुना, आणि पहिल्या वर्षी फरक वाटला नाही, तिसऱ्या वर्षी वाटला, कारण त्या वर्षी चुना मारायचं सगळे विसरले. यात सगळं आलं. दरवर्षी कुणीतरी करावी लागणारी गोष्ट डिझाईनमधे घालणार असाल तर तो 'कुणीतरी' कोण ते नावासकट त्याच दिवशी ठरवा. नाव सुचत नसेल तर महागडा पण एकदाच करायचा उपाय घ्या.

भिंतीबद्दल फार लिहीत नाही. जवळ जे मिळतं ते वापरा, देशावर काळा दगड, कोकणात चिरा, आणि विटा असतील तर रॅट ट्रॅप बाँड. वीट उभी ठेवून मधे पोकळी, विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी हे केरळात भरपूर वापरून दाखवलं, तिरुअनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं कॅम्पस हे तर शैक्षणिक इमारतीचंच उदाहरण. दोन सूचना फक्त: गवंड्याकडून आधी एक नमुना भिंत करून घ्या, आणि इलेक्ट्रिशियनला कामावर येण्याआधीच सांगा की भिंतीत घाव घालायचा नाही, पाईप वरूनच. आमच्या इलेक्ट्रिशियनने पहिल्याच दिवशी छिन्नी मारली आणि आरपार पोकळीत गेला, वर मला म्हणतो, "साहेब, भिंत पोकळ निघाली, कॉन्ट्रॅक्टरने फसवलं तुम्हाला."

पायरी चौथी: आधी पंखे, मग सोलर

बहुतेक संस्था उलटं करतात, आधी देणगीदार पकडून सोलर लावतात कारण तिथे नावाची पाटी लागते. पंख्याला कोण पाटी लावणार.

गणित करू. १० खोल्या, प्रत्येकी ४ पंखे, म्हणजे ४० पंखे. जुना साधा पंखा ७५ वॉट धरा, एकूण ३ किलोवॉट. रोज ६ तास, २२० दिवस, झाले ३९६० युनिट. तेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३० वॉटचे घेतले तर १५८४ युनिट. वर्षाला जवळजवळ २४०० युनिट वाचले. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर वर्षाला ढोबळमानाने १४०० युनिट देतं, म्हणजे नुसते पंखे बदलून तुम्ही पावणेदोन किलोवॉटचं सोलर न लावता 'लावलं'.

पण घेताना एक सांभाळा. आम्ही रिमोटवाले घेतले. चाळीस रिमोट! पहिल्या महिन्यात अकरा गायब, त्यातले काही आठवीच्या दप्तरात सापडले, आणि एकाच कंपनीचे असल्यामुळे एका रिमोटने खोलीतले चारही पंखे एकदम चालू-बंद व्हायचे, गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून कोण बंद करतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेसाठी भिंतीवरच्या बटणाने स्पीड बदलतो असेच बीएलडीसी घ्या, मिळतात.

ट्यूबच्या वायरिंगला पैसे लागत नाहीत, फक्त डोकं लागतं. बटणं खिडकीला समांतर रांगांप्रमाणे वेगळी करा, खिडकीकडच्या दोन वेगळ्या आणि आतल्या दोन वेगळ्या. नाहीतर आतल्या बाजूच्या पोराला अंधार म्हणून चारही लागतात.

आता सोलर. गच्चीवर किती बसतंय ते बघू नका, बिल बघा. आमची बेरीज अशी: पंखे १५८४, ट्यूब साधारण ५००, पंधरा कॉम्प्युटर दिवसाला चार तास म्हणजे १३००, पाण्याची मोटर २८०-३००, ऑफिस ५००. सगळं मिळून ४२०० च्या आसपास, म्हणजे ३ किलोवॉट. कोटेशन आलं होतं १० किलोवॉटचं. शाळेचं एक बरं आहे, एप्रिलच्या दुपारी आणि मेमधे पॅनल जोरात आणि वर्ग बंद, ते जादा युनिट नेट मीटरिंगमधे (जादा वीज लाईनला द्यायची, ती बिलात वळती होते) पुढे वापरता येतात कारण हिशोबाचं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं. मार्चअखेर उरलेले युनिट मात्र स्वस्तात जातात, म्हणून गरजेपेक्षा मोठं लावण्यात अर्थ नाही. नियम बदलत राहतात, महावितरणच्या ऑफिसात जाऊन ताजं परिपत्रक वाचा. आणि जाताच आहात तर बिलावरचा टॅरिफ पण तपासा. शाळा 'सार्वजनिक सेवा' वर्गात येते, पण बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं कनेक्शन बदलून घ्यायचं राहून गेलं तर महागड्या दराने भरत बसाल.

तीन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, साधं ऑन-ग्रिड सोलर (बॅटरी नसलेलं, थेट लाईनला जोडलेलं) लाईट गेली की तेही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं असतं. आमच्याकडे उद्घाटनाच्या आठवड्यातच लोडशेडिंग झालं आणि गावभर झालं की शाळेचं सोलर बोगस आहे. लाईट गेल्यावरही काही चालायला हवं असेल तर ऑफिस आणि दोन-चार दिव्यांपुरती बॅटरी वेगळी ठेवा, आणि कमिटीला आधीच सांगून ठेवा. दोन, पॅनलपर्यंत नीट जिना आणि तिथे पाण्याचा नळ. आम्ही दोन्ही केलं नव्हतं, मामा शिडीवरून बादली घेऊन कशाला चढेल, आणि मी तरी त्याला कशाला चढवू? आजूबाजूला ज्वारीची मळणी चालते तेव्हा आठ दिवसात पॅनल पिवळे होतात. तीन, पॅनल आणि स्लॅबमधली कडेची जागा जाळीने बंद करा, कबुतरं.

पायरी पाचवी: पाणी

पावसाच्या पाण्याबद्दल फार स्वप्नं बघितली जातात म्हणून आधी हिशोब. १ चौरस मीटर छतावर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आमचं छत ४००० चौरस फूट, म्हणजे ३७० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५५० मिलीमीटर धरला आणि गळती-बाष्पीभवन जाऊन ८० टक्के हाती लागलं तर १ लाख ६० हजार लिटर. ऐकायला जबरदस्त. पण दिवसभराच्या शाळेला माणशी ४५ लिटर असा बांधकामाच्या संहितेतला आकडा आहे, ४०० पोरांचे रोजचे १८ हजार लिटर. म्हणजे अख्ख्या वर्षाचा पाऊस नऊ दिवसात संपला!

पण तेच पाणी फक्त प्यायला ठेवलं, पोरामागे २ लिटर, तर रोजचे ८०० लिटर, आणि १ लाख ६० हजार लिटर २०० दिवस पुरतात. जवळजवळ अख्खं शाळेचं वर्ष. हा हिशोब समजल्यावर आमची भांडणंच मिटली: पाऊस प्यायला, बोअर वापरायला, हात धुतलेलं पाणी झाडांना. टाकी एवढी मोठी परवडत नाही, आम्ही ४० हजार लिटरची केली, पावसाळ्यात भरत-वापरत राहते आणि शेवटच्या पावसानंतर ५० दिवस जाते. टाकी भरून उरलेलं पाणी शोषखड्ड्यातून बोअरकडे.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाता कामा नये, गच्चीवरची सगळी धूळ आणि कबुतरांची कृपा त्यात असते. त्यासाठी पन्हाळाच्या उभ्या पाईपला खाली एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि तोटी असते, आधी ती उघडी ठेवायची, पाणी नितळ झालं की बंद. आम्ही ती तोटी सुबक दिसावी म्हणून तळमजल्याच्या छताजवळ, साडेनऊ फुटावर बसवली. पाऊस येणार, मामा स्टूल शोधणार, तोपर्यंत सगळं टाकीत. आता ती त्याच्या छातीच्या उंचीवर आहे आणि लाल रंगाची आहे. तुमच्या इमारतीत अशा किती तोट्या, किती झडपा, किती खिट्ट्या आहेत त्या प्रत्येकीसमोर मामाला उभं करून बघा, हात पोचतो का. प्यायच्या पाण्याला क्लोरीन आणि ग्रामपंचायतीकडे मिळते ती तपासणीची बाटली, हे सोडू नका, पावसाचं म्हणून शुद्ध असं काही नसतं.

संडासात पाणी वाचवायच्या भानगडीत पोरांनी वापरणंच सोडलं असं व्हायला नको. उजेड, वर झरोका, चालू नळ, मुलींकडे झाकणाची बादली आणि ती रोज उचलणारं माणूस, आधी एवढं. हात धुण्याचं पाणी खडीच्या चरातून कर्दळीला सोडलंय, सात वर्षात दोनदा खडी बाहेर काढून धुवावी लागली, बाकी काही नाही.

पायरी सहावी: उद्घाटन झालं, आता मोजा

इथे अमेरिकेतली गोष्ट सांगतो कारण ती आमच्यापेक्षा फार मोठ्या आणि फार हुशार लोकांची आहे, आणि मला तिने धीर दिला. ओहायोमधल्या ओबरलिन कॉलेजचं ॲडम जोसेफ लुईस सेंटर, पर्यावरण विभागाची इमारत, साधारण साडेतेरा हजार चौरस फूट. प्राध्यापक डेव्हिड ऑर यांची कल्पना, आर्किटेक्ट विल्यम मॅकडोनो. २००० मधे वापरात आली, छपरावर ६० किलोवॉट सोलर, सांडपाणी झाडाझुडपांच्या टाक्यांमधून आतच साफ. वापरेल त्यापेक्षा जास्त वीज तयार करणारी इमारत व्हावी हे स्वप्न. जगभर नाव झालं.

आणि मग त्याच कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी मीटर वाचायला घेतले. निघालं असं की इमारत छपरावरच्या पॅनलपेक्षा बरीच जास्त वीज खातेय, आणि त्यात मोठा वाटा गरम करायच्या इलेक्ट्रिक बॉयलरचा. मोठे वाद झाले. सरकारी अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या लोकांनीही कित्येक महिने मोजमाप केलं, कंट्रोल सुधारले, हीटिंगमधे बदल झाले, आणि २००६ मधे पार्किंगवर आणखी १०० किलोवॉट पॅनल लागले. त्यानंतर कुठे वर्षाकाठी वीज शिल्लक पडू लागली. मला यात आवडतं ते हे की घरातल्याच माणसाने मीटर वाचले आणि ते आकडे सगळ्यांसमोर मांडले गेले. आपल्याकडे असा प्रोफेसर संस्थेला कितपत आवडेल सांगता येत नाही.

आमच्याकडे स्कोफिल्ड नाहीत, आठवी ब आहे. दर सोमवारी दोन पोरं विजेचं मीटर, सोलरचं मीटर आणि पाण्याचं मीटर वाचतात, दुपारी २ वाजता चार खोल्यांचं तापमान घेतात आणि दोनशे पानी वहीत लिहितात. ॲप करू म्हणून एकाने सुचवलं होतं, मी नको म्हटलं, वही टेबलावर दिसते. त्या वहीनेच आम्हाला एक गोष्ट पकडून दिली: दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असताना पाण्याचं मीटर पळत होतं. टाकीचा बॉलकॉक अडकलेला, पाणी रात्रंदिवस वाहून गटारात, आणि मोटर चालूच.

मीटर वेगवेगळे हवेत हे प्लॅनच्या वेळीच सांगा. कॉम्प्युटर लॅबला वेगळं, मोटरला वेगळं, बाकीचं वेगळं. छोटे सबमीटर स्वस्त असतात, नंतर वायरिंग उघडून बसवायचे म्हणजे पाचपट खर्च.

वर्षाचं वेळापत्रक आम्ही हेडमास्तरांच्या केबिनमधे कालनिर्णयवरच लिहितो, वेगळा चार्ट कुणी बघत नाही. होळीच्या आधी चुना. मे महिन्यात टाकी उपसून घासणं. जून उजाडायच्या आत गच्चीवरची पानं काढून पन्हाळं मोकळी. गणपतीच्या आसपास शोषखड्डा तुंबलाय का बघणं. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी पॅनल धुणं, सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नाही. आणि पैसे. पंख्याचं कपॅसिटर, नळाचे वॉशर, इन्व्हर्टरची दुरुस्ती यासाठी दरवर्षी बजेटमधे एक ओळ नावासकट ठेवा, कारण बांधकामाला देणगी मिळते, वॉशरला मिळत नाही.

माणसं बदलतात हा सगळ्यात अवघड भाग. नवे हेडमास्तर आले त्यांना ऑफिसला काचेचं पार्टिशन आणि एसी हवा होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की वरचा झरोका उघडायचा असतो, तो तीन वर्षं गंजून बसला होता. तेल घालून उघडला, पार्टिशन रद्द झालं, एसी मात्र लागलाच, चालतंय. तेव्हापासून कुणीही नवीन आलं की तासभर इमारत फिरवून दाखवायचं ठरलंय, झडप न झडप.

मागच्या वर्षी मामा रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला शाल-श्रीफळ वगैरे झालं, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांनी जाता जाता उरलेल्या ऑईलपेंटने लाल तोटीशेजारी भिंतीवर मोठा बाण काढून ठेवलाय, खाली वाकड्या अक्षरात: "पैल्या पावसाला ही उगडी ठेवा. पाणी नितळ आलं की बंद. इसरू नका."